ऋतुराजचं काम

"तसं न्हाय," सयाजीकाका म्हणाले. "चमचा आधी आपल्या व्हटाला लावायचा. गरम हाय का बघायचं. मग तिला द्यायचं."

आदर्शनं चमचा ओठांना लावला आणि रिकाम्या कॉटकडे हात नेला. काकांची बायको याच कॉटवर कितीतरी महिने पडून होती. इथंच गेली.

'कळंबा' या रॉक बँडवर सिनेमा निघत होता. बँड देशभर गाजला, पण गल्लीत अजून चेष्टा चालायची, की जेलच्या गावाचं नाव लावून पोरं सुटली कशी. गायक ऋतुराज आईमागोमाग वर्षभरात अपघातात गेला. त्याचं काम कोण करणार हे मी ठरवणार, या अटीवरच त्याच्या वडिलांनी, म्हणजे सयाजीकाकांनी, सिनेमाला परवानगी दिली होती. आधी आलेल्या सगळ्यांना त्यांनी परत पाठवलं होतं. दिग्दर्शक स्नेहलनं आदर्शला स्पष्ट सांगितलं, काका हो म्हणाले तर काम तुझं, नाहीतर घरची, हातकणंगल्याची गाडी.

नाटकांत बारकी कामं करून आदर्श कंटाळला होता. हेही गेलं तर वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. म्हणून तो काकांकडेच राहायला आला. आधी काका त्याला पावणं म्हणायचे. मग नुसतं "ए" म्हणायला लागले.

गाणं आदर्शला येत होतं, पण काकांनी एकदाही म्हणायला लावलं नाही. स्टेजवरचा ऋतुराज सगळ्यांनी बघितलाय, घरातला मला ठाऊक, असं ते म्हणायचे. त्यांनी सांगितलं, ऋतुराज पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन आईसाठी म्हशीचं दूध आणायचा. संध्याकाळी तिचे पाय चेपायचा. कार्यक्रम कुठंही असो, संपला की गाडी करून थेट घरी यायचा. आदर्शनं सगळं अंगात मुरवलं. तो दुधाची किटली घेऊन येताना शेजारच्या अंबूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा डोळ्याला पदर लावून त्या आत गेल्या. आपल्याला जमलं, असं आदर्शला वाटलं.

रविवारी स्नेहल आली. सोबत मुंबईहून बँडचा गिटारवाला विजयसिंह आला होता. आदर्शनं आईच्या शेवटच्या दिवसाचा प्रसंग करून दाखवला. आई कॉटवर आहे असं धरून तिचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्यानं पाणी पाजलं, मग हलक्या हातानं डोळे मिटवले. रडला नाही. काकांनी रड म्हणून सांगितलं नव्हतं.

काका चौकट धरून उभे होते. "ह्योच," ते म्हणाले. "ह्योच माझा ऋतुराज." आणि चहा ठेवायला आत गेले.

स्नेहलनं आदर्शचा हात दाबला. काम मिळालं होतं.

विजयसिंह कॉटकडेच बघत बसला होता. हे सगळं कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. काकांनीच, आदर्श म्हणाला, काही चुकलं का?

विजयसिंहनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"तुझं कायबी चुकलं न्हाय. पण काकी गेल्या त्या दिवशी आम्ही बंगळूरला हुतो. काकांचा फोन मीच घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं ऐकून घेतलं आणि गायला गेला. दहावी झाल्यावर त्यानं घर सोडलं हुतं. त्यानंतर ह्या घरात त्यो एकदाबी आला न्हाय."