सत्यभामाच्या दारचा विसावा

"आज बैलाच्या मानेवर जू न्हाई ठेवत, भिवरामाय," बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवत आसाराम म्हणाला. "पोळा हाय."

"सत्यभामा कालपासून अडलीय. पालीहून सांगावा आलाय." भिवराबाईनं त्याचं धोतर धरलं. "गावच्या बायांची सुटका माज्या हातानं झाली, मग पोटच्या लेकीची कावून व्हनार न्हाई? मला पोचव."

"उद्या दिस उगवायच्या आत गाडी जुंपतो."

"उद्यापर्यंत राहील का रे माजी लेक?"

आसाराम दुसऱ्या शिंगाकडं वळला. निजाम सरकारनं पालीपर्यंत सडक बांधली होती. तिच्यावरून चालायचे पाय मात्र ज्याचे त्यानं आणायचे. भिवराबाईचे पाय गेल्या सालीच निकामी झाले होते.

ती बसल्या बसल्या सरकत दारोदार फिरली. बाजेवर घालून न्या म्हणाली. जित्या माणसाला चौघांच्या खांद्यावर? असलं अभद्र बोलू नकोस म्हणून लोकांनी तिलाच दटावलं.

"मग मेल्यावर तरी न्याल का?" ती किंचाळली. "धन्याला जाळलं तिथं, पालीच्या नदीकाठी?"

"नेऊ," आसाराम म्हणाला. "शब्द हाय माजा."

दुपार कलताच शेजारच्या छबुबाईनं हंबरडा फोडला. भिवराबाई गेली. नाकाशी कापूस धरला, हलला नाही, असं तिनंच सांगितलं.

म्हातारीनं हाय खाल्ली, तीही आपल्यामुळं, हे आसारामला कळून चुकलं. तो न सांगता तिरडी बांधायला बसला.

छबुबाई मात्र प्रत्येक गोष्टीत आडवी येत होती. "आंगोळ नदीवरच घाला, तिची विच्छा व्हती. दोरी सैल बांधा, हाडं लई दुखायची तिची." हे ऐकून बायांना रडू आवरेना. "आन् विसावा सत्यभामाच्या दारापुढंच घ्या. तिला कायबी सांगू नका. पर मायलेकी तेवढ्याच जवळ येतील."

चौघं जवळजवळ पळतच निघाले. आसारामनं पुढचा खांदा कुणाला दिला नाही. वाटभर तो म्हातारीची माफी मागत होता.

सत्यभामाचं घर पालीच्या वेशीलाच. खांदा बदलायला तिथं तिरडी टेकवली. आतून बाईचं कण्हणं ऐकू आलं. लेक अजून जिवंत होती. आसारामनं तोंडात उपरणं कोंबलं, तरी त्याचा हुंदका फुटलाच. जी सोडवणार होती, तिलाच दारावरून जाळायला न्यायचं होतं.

"उचला," तो कसाबसा म्हणाला.

"उचला," तिरडीवरून आवाज आला, "पर नदीकडं न्हाई. आत."