बुजवलेली खिडकी

"भांडा, भाभी," सुखदा सिस्टर म्हणाली. "नवऱ्याशी घरी भांडता ना, अगदी तसं."

शरफुन्निसाने समोरच्या माईककडे पाहिलं, मग काचेपलीकडे. तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर नसरुद्दीन होता. हिरव्या चादरींमधून तिला त्याचे फक्त पाय दिसत होते. कवटी उघडलेली आणि माणूस चक्क जागा! सौदीतल्या अल खफजीत क्रेन चालवणारा धडधाकट गडी, दोनदा फिट येऊन पडला काय आणि रियाधच्या या हॉस्पिटलात पोचला काय. गाठ नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून होती. डॉक्टर बारीक तारेने हलका करंट देत एकेक जागा चाचपणार, जिथे बोलणं अडेल ती जागा कापायची नाही. म्हणून त्याने बोलत राहायचं.

उर्दूत बोलून झालं होतं. घरची भाषा कुठली, असं विचारल्यावर त्यानेच रुबाबात उर्दू सांगितली होती. आमचे कोकणी लोक असेच! घरात दिवसभर कोकणीत कचाकचा बोलतील, पण परक्याने विचारलं की इज्जतीखातर उर्दू. चित्रं दाखवून विचारलेले सगळे शब्द त्याने बरोबर सांगितले. दुसरा कुणी डॉक्टर असता तर कापून मोकळा झाला असता.

पण डॉ. ओर्तिगोसा अडून बसल्या. बाई दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वेच्या, सत्तरीला टेकलेल्या. हे काम शिकायला जगभरचे डॉक्टर त्यांच्याकडे जातात. "काल चहा थंड होता म्हणून हा बायकोवर ओरडला," त्या म्हणाल्या. "ती भाषा ही नव्हती." मग का कोण जाणे, आपल्या पहिल्या पेशंटबद्दल बोलल्या. सुखदा ते शरफुन्निसाला मराठीत सांगत गेली.

"आमच्याकडे कचेरीत स्पॅनिश आणि घरात ग्वारानी. तो पोरगा माझ्यासमोर स्पॅनिश घडाघडा बोलला. मी खूश होऊन गाठ कापली. घरी गेला, तर आईशी ग्वारानीत एक शब्द बोलता येईना. ती आई माझ्या दारात येऊन बसली. पुढे आयुष्यभर जे काही शोधलं, ते तिला उत्तर द्यायला."

शरफुन्निसाने माईक जवळ ओढला. "ऐकता काय? घाबरू नका. अल्ला हाय."

"हां," पलीकडून आवाज आला.

"दुखतं काय?"

"नाय."

बाईंनी काचेतून मान हलवली. याला भांडण म्हणत नाहीत.

आता अशा नवऱ्याशी भांडायचं तरी कसं? तिला रडूच आलं. आणि रडता रडता एकदम गावचं नवं घर आठवलं. स्वयंपाकघराची खाडीकडची खिडकी, तिची लाडकी, त्याने तिला न विचारता विटा लावून बुजवली होती.

"माजी खिडकी का बुजवलीत?"

पलीकडून आवाज चढला. "अगो, आता खिडकी आठवली तुला?"

"मंग कधी आठवू? सांगा ना, का बुजवलीत?"

"पाऊस सरळ गॅसवर यायचा! पुसायला तुजा बाप येनार होता?"

"माज्या बापाला मधे आनू नका!"

"आनीन! त्यानंच तर सांगितलान मला, खि... खि..."

आवाज थांबला.

शरफुन्निसाने माईक दोन्ही हातांनी धरला. "अवो! बोला ना! काय पन बोला!"

बाईंनी शांतपणे तार उचलली आणि त्या जागेवर कागदाचा इवलासा तुकडा ठेवला. इथे सुरी लागणार नव्हती.

"...खिडकी बुजव म्हनून!" नसरुद्दीन कडाडला. "तुजाच बाप!"

हे तिला नवीनच होतं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती हसत होती, ओढणीने डोळे पुसत होती आणि पुढचं भांडण उकरून काढत होती. गाठ निघेपर्यंत तिने त्याला गप्प म्हणून बसू दिलं नाही.

बाई बाहेर आल्या, मास्क खाली केला. "मग? खिडकीचं काय ठरलं?"

"नाही उघडणार म्हणतो," सुखदा म्हणाली.

बाई खळखळून हसल्या. शरफुन्निसाने त्यांचे दोन्ही हात धरले.

"जसा दिला तसाच परत केलात, बाई. एक शब्द कमी नाय केलात."