शेवटचं कडवं

"निघाला, निघाला!" कुणीतरी ओरडलं, आणि दगडी कुंपणावर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

खाली पुलापाशी एम्रिस प्रायसची मोटारसायकल धडधडत होती. ब्रानचा चढ अडीच मैलांचा, आणि दरसाल त्यावर मोटारसायकलींची शर्यत होई. अगदी वरच्या वळणावर, गर्दीपासून जरा बाजूला, त्याचे वडील उभे होते. काळा कोट, काळी टोपी, जणू कुणाच्या दफनाला आलेले. एलिशा प्रायस चॅपलमध्ये गाणं उचलून देत. त्यांचा सगळ्यांत गोड गळ्याचा गायक, हाच मुलगा, यंत्राच्या नादी लागला, तेव्हापासून ते त्याच्याशी बोलले नव्हते. आजही आपणहून आले नव्हते. त्यांच्या बायकोनं, मार्गेडनं, सकाळपासून अन्नाचा कण घेतला नव्हता. "तुम्ही त्याला बघून या, मग मी जेवीन," एवढंच ती म्हणाली होती.

"इदवल, घोडा आणलास ना रे?" पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या एका कामगारानं टोमणा मारला. "गेल्या साली ते धूड ओढायला माझाच नेला होतास."

हशा पिकला. इदवल लोहार हसला नाही. ते यंत्र त्यानं आणि एम्रिसनं मिळून जुळवलं होतं, आणि गेल्या दोन्ही शर्यतींत त्याचं इंजिन याच वळणावर आवळून जागीच जाम झालं होतं. गेल्या वर्षी एम्रिस पुढं फेकला गेला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हातभर पलीकडे पडता, तर थेट दरीत.

"इंजिनाला तेल उशिरा मिळतं," इदवल पुटपुटला. मग म्हाताऱ्याकडे वळला. "पंप हातानं दाबावा लागतो, एलिशाकाका. लवकर दाबला तर इंजिन धुरानं गुदमरतं, उशीर झाला तर आवळतं. चढावर घड्याळ कोण बघणार? म्हणून तो तुमच्या चॅपलचं स्तोत्र म्हणतो. चार कडवी झाली, की एक दाब."

एलिशांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "स्तोत्र?"

"सपाटीवर कधी चुकत नाही हो. इथंच काय होतं देव जाणे. विचारलं तर म्हणतो, पुरतं म्हणून झाल्यावर दाबतोच की मी."

"कोणतं स्तोत्र?"

"मी चर्चवाला माणूस, तुमच्या चॅपलचा नव्हे, मला काय विचारता? नदीपलीकडच्या गावाचं काहीतरी आहे."

एलिशांनी ओळखलं. ते स्तोत्र त्यांच्या चॅपलमध्ये चार कडव्यांवर कधी थांबलंच नव्हतं. मनं भरून आली, की शेवटच्या दोन ओळी पुन्हा, आणि पुन्हा. एलिशा एक बोट वर धरत. ते वर असेपर्यंत साठ गळे थांबत नसत. एम्रिस सहा वर्षांचा असल्यापासून त्या बोटाकडे बघून गात आला होता.

मोटारसायकल दिसली. चढानं वेग अगदी मंदावला होता. धुळीनं माखलेल्या चेहऱ्यावर फक्त ओठ हलत होते. एलिशांनी ते ओठ वाचले. शेवटची ओळ. संपली. आणि एम्रिसनं मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी आणून, शेवटच्या दोन ओळी पुन्हा धरल्या.

इंजिनाचा आवाज कोरडा पडला. आतून टकटक येऊ लागली.

"दाब! अरे दाब की!" इदवल बेंबीच्या देठापासून ओरडला. त्या धडधडीत कुठलं ऐकू जाणार?

तेवढ्यात एलिशा रस्त्याच्या कडेला गेले. त्यांनी उजवा हात उंच केला आणि मुलाच्या तोंडासमोर मूठ आवळली.

"अगं बाई! पोटच्या पोरावर मूठ उगारतोय," मागून एक बाई म्हणाली.

इदवलनं त्यांचा दंड धरला. "काका, आजचा दिवस तरी सोडा त्याला!"

मूठ खाली आली नाही.

एम्रिसनं ती पाहिली. त्याचे ओठ मिटले. हात आपोआप पंपावर गेला. निळ्या धुराचा एक लोट उठला, टकटक थांबली, आवाज मोकळा झाला. चाक वळणाच्या कडेला घासून गेलं, आणि मोटारसायकल वर, वर, निशाणाकडे निघून गेली.

लोक टोप्या उडवत तिच्यामागं धावले. वळणावर दोघंच उरले. इदवलनं अजून दंड सोडला नव्हता.

"खरं सांगा काका, शाप देत होतात ना त्याला?"

एलिशांनी मूठ हळूहळू उघडली.

"बोट वर केलं, की पुन्हा," ते म्हणाले. "मूठ मिटली, की आमेन."