कौसाक्काची कळ

भाच्याच्या हळदीला महिपती मांडवामागं गुपचूप पिऊन आला आणि बडीशेप चघळत उभा राहिला. चुलीपाशी त्याची थोरली बहीण कौसाक्का कमरेमागं हात दाबून वाकली होती.

महिपतीच्या पोटात तिचीच किडनी होती. परकी म्हणून अंगानं ती झिडकारू नये, यासाठी नव्या ऑपरेशनात किडनीच्या नसा देणाऱ्याशी बिनतारी जोडलेल्या ठेवायचे. दुखलं तर देणाऱ्यालाच दुखायचं. "मला बाई तुझ्या दुखण्याचं काय कळत नाय," अक्का वर्षभर म्हणायची. महिपतीनं ते सोयीनं खरं धरलं होतं.

"काय झालं ओ?" जावेनं विचारलं.

"पोळ्या लाटून कंबर धरली गं."

जाऊ गेल्यावर अक्का हळूच म्हणाली, "किती घेतलीस?"

"दोनच घोट, अक्का."

"तीन. आन् पंचमीला पाच होते."

महिपतीची मान खाली गेली. पंचमीला त्यानं तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होती, सोडली म्हणून.

मांडवातून हाक आली, "मामा, हळद लावायला या."

त्याचे पाय उचलेनात. अक्कानं कमरेवरचा हात काढला, वाटीतली हळद त्याच्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाली, "जा. पोरगं थांबलंय."