आत कोण कोण?

“कापायची ही?” लेकीने कात्री उचलली, पण मच्छरदाणीला लावली नाही.

“मग काय पुजायची?” आई म्हणाली. “तुम्ही दोघी बहिणी गेलात आपापल्या घरी. ट्रंकेत नुसती पडून आहे बिचारी.”

परसातल्या वाफ्यात कोबीची अकरा रोपं चार-चार पानांवर आली होती. बाबांच्या डबीतलं हे शेवटचं बी. बाबा गेल्यावर आईने दोनदा पेरलं, दोन्ही वेळा अळ्यांनी फस्त केलं. डबी आता रिकामी होती.

लेकीने मच्छरदाणी उलगडली. एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे हे एवढाले टाके. लहानपणी तिने पायाचा अंगठा घालून तिथे भोक पाडलं होतं.

“तुझ्या बाबांची शिवण,” आई हसली. “पोतं शिवावं तशी.” मग तिनेच लेकीच्या हातून कात्री काढून घेतली. “राहू दे. होती तशीच बांधू.”

वाफ्याभोवती चार काठ्या रोवून झाल्या, कोपऱ्यांच्या नाड्या बांधून झाल्या. लेक मच्छरदाणीच्या कडांवर विटा ठेवू लागली तसा आईने तिचा हात धरला.

“थांब गं. मागच्या वेळी मी अशीच घाई केली. बाजारातली जाळी आणली, चारी बाजूंनी दाबली आणि निर्धास्त बसले. फुलपाखरांची अंडी आधीच पानांखाली! चोराला घरात घेऊन बाहेरून कुलूप लावलं मी.”

लेक गुडघ्यांवर बसली. डोकं जाळीत घालून एकेक पान उलटून पाहू लागली. नवव्या रोपाच्या पानामागे पिवळे ठिपके सापडले. तिने ते अंगठ्याने पुसून काढले.

“देवा, क्षमा कर रे,” आई बाहेरून पुटपुटली.

दहावं रोप. अकरावं. आत अजून डांबरगोळ्यांचा वास होता. बाबाही असंच डोकं आत घालायचे, बॅटरी फिरवायचे, दोन्ही तळहातांत डास टिपायचे. मग कडा गादीखाली खोचण्याआधी रोज तोच एक प्रश्न, आणि दोघी बहिणींचं तेच एक उत्तर.

जाळीवर एक पांढरं फुलपाखरू बसलं, उडालं, पुन्हा येऊन बसलं.

“आत कोण कोण?” आईने आवाज जाड काढून विचारलं.

रोपांवर वाकलेल्या लेकीने हातातलं पान हळूच सोडलं.

“आम्हीच!” ती आतूनच म्हणाली.

आई हातात वीट धरून तशीच उभी राहिली.