शहराची रास

"आपल्या शहराची रासच वृश्चिक. माणसं डूख धरणारच!" नगरपालिकेच्या स्थापनेच्या तारखेवरून मांडलेली कुंडली दाखवत धुंडिराज पुराणिक येईल त्याला सांगत. शेजारच्या सख्ख्या भावाशी वीस वर्षं धरलेला अबोलाही त्यांनी त्याच राशीवर ढकलला होता.

वर्धापनदिनी जिलेबी खाता खाता नगरपालिकेचा निवृत्त हेडक्लार्क हसला. "गुरुजी, स्थापनेचा कागद वाळवीनं खाल्लेला. तारीख मीच ठोकून दिली, एक जून. शाळेत मास्तर सगळ्या पोरांची लावायचे, तीच!"

पुराणिकांनी हातातली जिलेबी खाली ठेवली. घरी न जाता त्यांनी भावाच्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं.

"बापू, शहराची रास वृश्चिक नाही रे."

भाऊ उंबऱ्यातून हलला नाही.

"मग इतकी वर्षं डूख कुणी धरला, दादा?"