तबकडीच्या शेवटी

माहेरी अमडापूरला आई जात्यावर ओव्या गायची तेव्हा शेजारची इमामबी सूर धरायची. मोहरमात तिची शोकगीतं, मर्सिये, ऐकून आई रडायची. माझे कान दोन्हींवर पोसले. नांदुऱ्याला सासऱ्यांनी नवा ग्रामोफोन आणला. रामाचं भजन ऐकताना त्यांचे डोळे वाहिले. शेवटी, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, तबकडीतून गाणारीण बोलली, "मेरा नाम जहांआरा." सासरे तिथल्या तिथं थुंकले. "सूनबाई, तबकडी गोमूत्रानं धू. अन् आता नाव यायच्या आंधी सुई उचलत जाय." मी धुतली, रोज सुई उचलली. रोज ते तिच्याच आवाजावर रडायचे. रामनवमीला बैठकीत पाहुणे जमले. भजन संपत आलं. सासऱ्यांनी खूण केली. मी हात पदराखाली घेतले. "मेरा नाम जहांआरा." सगळे चपापले. "मामाजी," मी सासऱ्यांना विचारलं, "गोमूत्र आणू? आज साऱ्यांचे कान धुवा लागतीन."